पेनड्राइव्हला कुलूप लावायचंय? आधी तो कुठे कुठे लावणार ते ठरवा

चारपाचशे रुपयांचा पेनड्राइव्ह हरवला तर त्या पैशांचं कुणाला फारसं काही वाटत नाही, घाम फुटतो तो आत काय काय होतं ते आठवायला लागल्यावर. आधार-पॅनचे स्कॅन, मार्कशीट, जातपडताळणीची कागदपत्रं, सातबारा, बँकेचं स्टेटमेंट, घरच्यांचे फोटो, आणि तुम्ही टॅक्सचं किंवा अकाउंटचं काम करत असाल तर अजून पन्नास लोकांची अख्खी कुंडली. ज्याला सापडला त्याला काही डोकं चालवावं लागत नाही, लावायचा आणि डबल क्लिक करायचं, झालं.

सापडलेला पेनड्राइव्ह लोक खरंच उघडून बघतात का? बघतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या कॅम्पसवर संशोधकांनी २९७ ड्राइव्ह मुद्दाम इकडेतिकडे टाकून ठेवले होते, २०१६ मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यातले ९८ टक्के उचलले गेले, ४५ टक्क्यांमधली निदान एक फाइल तरी कुणीतरी उघडली, आणि पहिली फाइल उघडली गेली ती सहा मिनिटं पण झाली नव्हती तेव्हा. बरं, यातल्या बऱ्याच जणांना मालकच शोधायचा होता, म्हंजे वाईट माणसाच्याच हातात पडायला पाहिजे असंही काही नाही. २०१७ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या एका कर्मचाऱ्याचा ड्राइव्ह रस्त्यात पडला, ज्याला मिळाला त्याने तो लायब्ररीतल्या कॉम्प्युटरला लावून बघितला, आत ७६ फोल्डर आणि हजाराच्या वर फाइल्स, ना पासवर्ड ना एन्क्रिप्शन. पुढच्या वर्षी विमानतळाला १,२०,००० पौंड दंड बसला. आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय आणि डेटा नीट न सांभाळल्याचा दंड त्यात २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे दुसऱ्यांची कागदपत्रं खिशात घेऊन फिरणाऱ्यांनी हा विषय कॉलेजच्या पोरांवर सोडून चालणार नाही.

आधी एक घोळ मिटवू. फोल्डर हिडन केला म्हंजे सुरक्षित झाला असं नाही. 'फोल्डर लॉक' टाइपची जी फुकट सॉफ्टवेअर मिळतात त्यातली बरीचशी नुसती फोल्डर लपवतात किंवा नाव बदलून ठेवतात, डेटा आत जशाच्या तसाच असतो. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेनड्राइव्हवर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले तुम्ही बघितले असतील, तो व्हायरस नेमकं हेच करतो, खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवतो, आणि गल्लीतला कुठलाही पोरगा लपवलेलं परत दाखवणारी एक ॲट्रिब कमांड मारून ते परत आणून देतो. मग तुम्ही लपवलेला फोल्डर त्याला दिसणार नाही का? एन्क्रिप्शन म्हंजे फाइल लपवणं नाही, तिच्यातला मजकूरच असा उलटापालटा करून लिहिणं की किल्ली नसेल तर तो निव्वळ कचरा दिसतो. ड्राइव्ह हातात असू दे, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावू दे, चिप काढून वाचू दे, कचराच.

हे उलटंपालटं करायची जी पद्धत जगभर चालते तिला एईएस म्हणतात. योन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन लोकांनी ती बनवली, अमेरिकेच्या मानक संस्थेने खुली स्पर्धा घेऊन ती निवडली आणि २००१ मध्ये मानक म्हणून जाहीर केली. बँका वापरतात, सरकारं वापरतात, तुमचा फोनही वापरतो. १२८ बिटांची किल्ली घेतली तर शक्य किल्ल्यांची संख्या होते ३४ वर ३७ शून्यं. २५६ बिटांची घेतली तर अजून अफाट, पण खरं सांगायचं तर १२८ की २५६ या वादात वेळ घालवायची गरजच नाही, कारण एईएस फोडून कुणी तुमच्या फाइल वाचणार नाहीये. वाचणार असेल तर पासवर्ड ओळखून.

आता पासवर्डचं नेमकं काम काय ते बघा, कारण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. तुमच्या पासवर्डने फाइल लॉक होत नाहीत. सॉफ्टवेअर सुरुवातीलाच एक रँडम किल्ली बनवतं, तिला मास्टर की म्हणू, आणि ड्राइव्हवर जे काही लिहिलं जाईल ते त्या किल्लीने एन्क्रिप्ट होतं. पासवर्ड लागतो तो त्या मास्टर कीला. तिजोरीची किल्ली एका छोट्या डबीत ठेवली आणि डबीला नंबरचं कुलूप लावलं, असा प्रकार. ती डबी ड्राइव्हवरच असते, एका लहानशा भागात, तिला हेडर म्हणतात. म्हणून तर पासवर्ड बदलला तर दोन सेकंदात काम होतं, ६४ जीबी डेटा परत एन्क्रिप्ट करत बसावं लागत नाही, नुसतं डबीचं कुलूप बदलतं. म्हणूनच हेडर खराब झालं आणि त्याची दुसरी प्रत कुठे नसेल तर पासवर्ड तोंडपाठ असून काही उपयोग नाही, सगळा डेटा गेला. आणि एक बारकी गोष्ट, कुणी आधीच तुमच्या हेडरची कॉपी काढून ठेवली असेल आणि त्याला जुना पासवर्ड माहीत असेल तर तुम्ही नवा पासवर्ड ठेवून त्याचं काही अडत नाही, आतली मास्टर की तीच आहे ना.

चांगली सॉफ्टवेअर पासवर्ड सरळ वापरत नाहीत, त्याला लाखो वेळा गणिताच्या चरकातून काढतात आणि मग जे येतं त्याने डबी उघडतात. व्हेराक्रिप्ट नावाचं एन्क्रिप्शनचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात नेहमीच्या सेटिंगला अशा पाच लाख फेऱ्या होतात. तुम्ही योग्य पासवर्ड टाकून एंटर मारता आणि दोनचार सेकंद नुसतं फिरत राहतं ते यामुळेच, कॉम्प्युटर स्लो आहे म्हणून शिव्या देऊ नका. तुमचे चार सेकंद जातात, पण जो एकामागून एक कोट्यवधी पासवर्ड लावून बघतोय त्याला प्रत्येक अंदाजासाठी या पाच लाख फेऱ्या कराव्या लागतात.

पण पासवर्डच अंदाजात बसणारा असेल तर फेऱ्या काय करणार. ई-आधारची पीडीएफ आपण सगळेच उघडतो, तिचा पासवर्ड काय असतो? नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. नाव माहीत नसलं तरी इंग्रजीची कुठलीही चार अक्षरं म्हंजे ४,५६,९७६ प्रकार, गुणिले शंभर सालं, साधारण साडेचार कोटी. माणसाला प्रचंड वाटतं, कॉम्प्युटरला नाही. आणि नाव माहीत असेल, जे पेनड्राइव्हवर बहुतेक वेळा स्टिकरवरच लिहिलेलं असतं, तर उरले जेमतेम शंभर अंदाज, ते तर हाताने टाइप करून पण होतील. त्या पीडीएफसाठी तो नियम सरकारने सोयीसाठी ठेवलाय ते ठीक, पण लोक तोच साचा उचलून स्वतःच्या ड्राइव्हला लावतात. मोबाइल नंबर लावतात, जो अख्ख्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे.

जपानमधल्या आमागासाकी शहरातली २०२२ सालची गोष्ट या बाबतीत फार मजेशीर आहे. महापालिकेचं काम करणाऱ्या कंत्राटी कंपनीच्या माणसाने शहरातल्या सगळ्या, म्हंजे साधारण ४ लाख ६० हजार रहिवाशांचा डेटा ड्राइव्हवर घेतला, काम झाल्यावर सहकाऱ्यांबरोबर प्यायला बसला, नंतर रस्त्यातच झोपला, उठून बघतो तर बॅग गायब. ड्राइव्ह एन्क्रिप्टेड होता, इथपर्यंत शाबास. मग महापालिकेने पत्रकार परिषद घेतली आणि लोकांना धीर द्यायला म्हणून अधिकारी सांगून बसले की पासवर्ड तेरा अक्षरी आहे, अक्षरं आणि आकडे मिळून. झालं, ट्विटरवर लोकांनी बोटं मोजली. आमागासाकी इंग्रजीत लिहिलं की नऊ अक्षरं, पुढे २०२२ लावले की बरोबर तेरा. दोनतीन दिवसांत बॅग ड्राइव्हसकट सापडली म्हणून निभावलं.

चांगला पासवर्ड म्हंजे एकमेकांशी संबंध नसलेले पाचसहा शब्द, जे तुम्ही निवडलेले नसतात, चिठ्ठ्या टाकून किंवा फासे टाकून आलेले असतात. डाइसवेअर म्हणून पद्धत आहे, ७,७७६ शब्दांची यादी असते, एका शब्दासाठी पाच वेळा फासा टाकायचा. मराठी शब्द घ्यायचे तर शब्दकोशाचं कुठलंही पान उघडा, डोळे मिटून बोट ठेवा, जो येईल तो. कोथिंबीर रिक्षा उशी तराजू भोपळा असलं काहीतरी होईल, ते रोमन अक्षरांत टाइप करायचं. देवनागरीत ठेवू नका, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड नसला की स्वतःच्याच ड्राइव्हबाहेर उभे राहाल. आणि मनाने शब्द निवडू नका, मनाने निवडले की देवाचं नाव, मुलीचं नाव आणि गावाचं नाव हमखास येतं.

आता सॉफ्टवेअर कुठलं. लोक विचारतात सगळ्यात सुरक्षित कुठलं, माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला पाहिजे की हा ड्राइव्ह मी कुठे कुठे लावणार आहे. कारण एन्क्रिप्टेड ड्राइव्ह सगळीकडे उघडत नाही. टीव्हीला लावला, गाडीच्या स्टीरिओला लावला, ओटीजी केबलने फोनला लावला तर सहसा काहीच दिसणार नाही.

घर ते ऑफिस, दोन्हीकडे विंडोज, असं असेल तर बिटलॉकर, म्हंजे विंडोजमध्येच असलेली एन्क्रिप्शनची सोय, वापरा आणि विषय संपवा. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हसाठी ते आहे. अट एवढीच की लॉक लावायला विंडोजची प्रो, एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन आवृत्ती लागते, होम असेल तर नवीन लॉक लावता येत नाही, पण लावलेला ड्राइव्ह पासवर्ड टाकून उघडता येतो, त्यात लिहिताही येतं. म्हंजे ऑफिसच्या प्रोवर एकदा लॉक करून घेतला की घरच्या होमवर आरामात चालतो. धिस पीसीमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, टर्न ऑन बिटलॉकर, पासवर्ड द्या. मग ते रिकव्हरी की कुठे ठेवू विचारतं. ही ४८ आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट, आणि पासवर्ड विसरलात तर हीच एक वाट उरते. प्रिंट काढून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, पेनड्राइव्हच्या पाऊचमध्ये ठेवू नका राव. पुढे विचारतं की वापरलेली जागाच एन्क्रिप्ट करू का पूर्ण ड्राइव्ह. ड्राइव्ह कोरा असेल तर पहिला पर्याय चालेल, जुना असेल तर पूर्णच करा, का ते खाली सांगतो. त्यानंतर कम्पॅटिबल मोड निवडा आणि सुरू करून चहा प्या, जेवण करा, कारण ६४ जीबीचा स्वस्तातला ड्राइव्ह सेकंदाला १० एमबीने लिहीत असेल तर पावणेदोन तास जातील. मध्येच उपटू नका, निघायचंच असेल तर आधी पॉज दाबा. आणि 'या कॉम्प्युटरवर आपोआप अनलॉक करा' ही टिक फक्त स्वतःच्या मशीनवर.

विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे फिरणारा ड्राइव्ह असेल तर व्हेराक्रिप्ट. याच्या आधी ट्रूक्रिप्ट नावाचं सॉफ्टवेअर लोक वापरायचे, मे २०१४ मध्ये त्याच्या निनावी लेखकांनी अचानक वेबसाइटवर लिहून टाकलं की हे आता सुरक्षित नाही, दुसरं काहीतरी वापरा, आणि दुकान बंद. त्याच कोडवरून व्हेराक्रिप्ट २०१३ मध्येच सुरू झालं होतं, ते आजही फुकट आहे आणि कोड कुणीही वाचू शकतं. यात दोन मार्ग आहेत, पूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करा किंवा ड्राइव्हवर एक मोठी फाइल बनवा, तिला कंटेनर म्हणतात, जी उघडली की कॉम्प्युटरमध्ये वेगळा ड्राइव्ह आल्यासारखी दिसते.

माझं ऐकाल तर कंटेनर. कारण पूर्ण ड्राइव्ह व्हेराक्रिप्टने एन्क्रिप्ट केला की विंडोजला तो ओळखताच येत नाही, आणि लावल्या लावल्या समोर खिडकी येते, 'हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, फॉरमॅट करायचा का?' तुम्ही कॅन्सल कराल, पण तुमची आई, ऑफिसमधला शिपाई, लॅबमधला पोरगा मदत म्हणून फॉरमॅट दाबणार आणि डेटाची वाट लागणार. कंटेनरला हा धोका नाही, ती साध्या फाइलसारखी पडून असते. बनवताना दोन गोष्टी बघा. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावतच नाही, म्हणून आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. आणि बनवताना एक खिडकी येते जिच्यात माउस वेडावाकडा फिरवायला सांगतात, खाली पट्टी हळूहळू भरत जाते. लोक दोनदा हलवून नेक्स्ट दाबतात. ती गंमत म्हणून ठेवलेली नाही, तुमच्या हाताच्या त्या हलण्यातून रँडमपणा गोळा होतो आणि तो मास्टर की बनवायला वापरला जातो, पट्टी भरेपर्यंत फिरवा. काम झालं की आधी व्हेराक्रिप्टमधून कंटेनर बंद करा, मग ड्राइव्ह इजेक्ट करा, मग उपटा.

याची एक अडचण म्हंजे ज्या कॉम्प्युटरवर व्हेराक्रिप्ट आधी टाकलेलं नाही तिथे ते पेनड्राइव्हवरून चालवायला पण ॲडमिनचे अधिकार लागतात, ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या मशीनवर ते मिळतीलच असं नाही. अशा वेळी सेव्हन-झिप हे फाइल एकत्र दाबून ठेवणारं सॉफ्टवेअर बरं पडतं, चार फाइल पाठवायच्यात, पासवर्ड लावला, एईएस-२५६ निवडलं, सेव्हन-झेड फॉरमॅट ठेवला, 'फाइलची नावं पण एन्क्रिप्ट करा' वर टिक केली, काम झालं. ती टिक विसरलात तर मजकूर सुरक्षित पण 'घटस्फोट अर्ज अंतिम' हे फाइलचं नाव सगळ्यांना दिसणार. साध्या झिपमधली झिपक्रिप्टो नावाची जुनी पद्धत मात्र टाळा, ती कशी फोडायची ते १९९४ पासून माहीत आहे. फक्त मॅकवाले असाल तर डिस्क युटिलिटीत एपीएफएस एन्क्रिप्टेड करून ड्राइव्ह फॉरमॅट करा, विंडोजवर तो उघडणार नाही हे लक्षात ठेवून. लिनक्सवाल्यांना त्यांच्याकडची एन्क्रिप्शनची पद्धत, लक्स, माहीत असतेच.

आणि आता झेरॉक्सचं दुकान, सेतू केंद्र, सायबर कॅफे. इथे एन्क्रिप्शनचा काही फायदा नाही. तुम्ही तिथल्या कीबोर्डवर पासवर्ड टाकला म्हंजे त्या मशीनमध्ये की लॉगर, म्हंजे दाबलेलं प्रत्येक बटण टिपून ठेवणारं सॉफ्टवेअर, असेल तर पासवर्ड गेला, आणि ड्राइव्ह उघडल्यावर सगळ्या फाइल त्या मशीनला साध्या दिसतात, व्हायरसलाही दिसतात, दुकानदार डेस्कटॉपवर ओढून प्रिंट मारतो ती कॉपी तिथेच राहते. म्हणून अशा ठिकाणी एक वेगळा, स्वस्त, उघडा ड्राइव्ह न्यायचा ज्यात फक्त प्रिंट काढायची पीडीएफ आहे, घरी आल्यावर तो फॉरमॅट, आणि लॉकवाला ड्राइव्ह खिशातून बाहेरच काढायचा नाही. प्रिंट झाल्यावर दुकानदाराला सांगून समोरच फाइल डिलीट करून घ्या आणि रिसायकल बिन पण रिकामा करा, काही वाटून घेऊ नका, त्यालाही सवय असते.

जुना ड्राइव्ह पूर्ण एन्क्रिप्ट करा असं वर म्हटलं त्याचं कारण, डिलीट केलेली फाइल खरंतर जात नाही, फक्त ती जागा रिकामी आहे अशी नोंद होते. फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर ती परत काढून देतं. त्यातून पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश मेमरीची अजून एक खोड आहे, एकाच जागी सारखं लिहिलं तर ती जागा लवकर झिजते म्हणून ड्राइव्हच्या आतला कंट्रोलर लिखाण सगळीकडे पसरवत राहतो, तुम्हाला वाटतं जुन्या फाइलवर नवीन लिहिलं, प्रत्यक्षात नवीन दुसरीकडे लिहिलं गेलेलं असतं आणि जुनीचे तुकडे कुठल्यातरी कोपऱ्यात तसेच. म्हणून सगळ्यात उत्तम म्हंजे नवा ड्राइव्ह घ्यायचा, आधी लॉक लावायचा, मग पहिली फाइल टाकायची.

बटणं असलेले किंवा आतच एन्क्रिप्शन असलेले महागडे ड्राइव्ह पण मिळतात. चांगले असतात, पण नुसत्या सर्टिफिकेटवर जाऊ नका. २०१० मध्ये किंग्स्टन, सॅनडिस्क आणि व्हर्बॅटिम यांचे असे काही ड्राइव्ह, अमेरिकन सरकारचं प्रमाणपत्र असलेले, एका जर्मन कंपनीने उघडून दाखवले होते. आत एईएस-२५६ एकदम व्यवस्थित होतं. पण पासवर्ड बरोबर की चूक हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर ठरवायचं आणि बरोबर असला की ड्राइव्हला 'उघड' असा एक ठरलेला संदेश पाठवायचं, पासवर्ड काहीही असो, संदेश तोच. मग त्यांनी तो संदेशच सरळ पाठवून दिला.

उलटी बाजू पण बघा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्रोग्रामरकडे आयर्नकी नावाच्या असल्याच आतून एन्क्रिप्शनवाल्या ड्राइव्हमध्ये ७,००२ बिटकॉइनची किल्ली होती, पासवर्ड लिहिलेला कागद हरवला, आणि हा ड्राइव्ह दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर आतला डेटा कायमचा नष्ट करतो. २०२१ मध्ये ही बातमी आली तेव्हा त्याचे आठ प्रयत्न संपले होते. एन्क्रिप्शन मालक कोण आणि चोर कोण हे ओळखत नाही, त्यामुळे रिकव्हरी की किंवा पासवर्ड घरात कागदावर असू द्या, व्हेराक्रिप्ट असेल तर टूल्स मेनूतून हेडरचा बॅकअप काढून दुसरीकडे ठेवा, आणि महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रत पाहिजेच पाहिजे, कारण लॉक केलेला ड्राइव्ह वाचता येत नसला तरी फॉरमॅट कुणालाही करता येतो आणि पॅन्टच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्येही जातो.

राहिले ड्रॉवरमधले जुने ड्राइव्ह, ८ जीबीवाले, कधीचे पडलेले, कुणाला तरी देऊन टाकायचेत. क्विक फॉरमॅट मारून देऊ नका. पूर्ण ड्राइव्हवर बिटलॉकर लावा, पासवर्ड काहीतरी लांबलचक आणि लक्षात न राहणारा ठेवा, रिकव्हरी कीची फाइल उडवा, मग फॉरमॅट करा, आता जे काही मागे उरलंय ते जवळपास सगळं कचरा झालं. जवळपास एवढ्यासाठी की त्या कंट्रोलरने बाजूला ठेवलेले काही तुकडे तरी राहू शकतात. ज्या ड्राइव्हवर खरंच नाजूक काही होतं तो कुणाला देऊच नका, प्लॅस्टिक काढा, आतली ती काळी चौकोनी चिप शोधा आणि तिच्यावर हातोडी घाला, बाहेरचं कव्हर फोडून उपयोग नाही, चिप फुटली पाहिजे.